बेसबॉलमध्ये एकाच नंबरचे इतके दिग्गज कसे?

८ एप्रिल १९७४, अटलांटा. सामन्याचा चौथा डाव चालू होता. अटलांटा ब्रेव्ह्जच्या हँक ॲरनने लॉस अँजेलिस डॉजर्सच्या अल डाउनिंगचा चेंडू डावीकडच्या कुंपणापलीकडे भिरकावला आणि त्याच्या कारकिर्दीतला ७१५वा होम रन झाला. बेब रूथचा ७१४ होम रनचा विक्रम जवळपास चार दशकं कुणाच्या हाती लागला नव्हता. तो या एका फटक्याने मागे पडला. त्या रात्री ॲरनच्या पाठीवर ४४ हा आकडा होता. गंमत म्हणजे, ज्याच्या चेंडूवर तो फटका बसला त्या डाउनिंगच्या पाठीवरही ४४च होता.

हा निव्वळ योगायोग. पण ४४ नंबर घालून मोठ्या झालेल्या बॅटरांची नावं शेजारी शेजारी ठेवली की नुसतं ‘योगायोग’ म्हणून भागत नाही. हँक ॲरन, विली मकोवी, रेजी जॅक्सन. तिघांचे मिळून १,८३९ होम रन. २४ नंबर काढला तर विली मेज, रिकी हेंडरसन, केन ग्रिफी ज्युनियर. आणि ८ नंबरचं तर विचारूच नका: योगी बेरा, कार्ल यस्त्रेम्स्की, जो मॉर्गन, विली स्टारजेल, कॅल रिपकेन ज्युनियर, आणखीही आहेत.

आकड्यात काही जादू नसते हे उघड आहे. मग हे होतं कसं?

आधी हिशेब

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, सध्या ३० संघ आहेत. एका संघात एका वेळी दोघांना एकच नंबर मिळत नाही. वेगवेगळ्या संघांत मात्र तोच नंबर कितीही जणांच्या पाठीवर चालतो. लीगच्या इतिहासात आजवर वीस हजारांहून जास्त खेळाडू मैदानात उतरले. नंबर किती? शून्य, दुहेरी शून्य आणि १ ते ९९, बस. त्यातही साठ-सत्तरच्या पुढचे आकडे म्हणजे हंगामाआधीच्या सराव शिबिराला बोलावलेल्या होतकरू पोरांचे, अशी बरीच वर्षं पद्धत होती. पोरगं संघात पक्कं झालं की त्याला ‘माणसात आलेला’ लहान नंबर मिळायचा. म्हणजे खरी गर्दी पन्नासेक आकड्यांतच.

भागाकार करून पाहा. एकेका नंबरच्या वाट्याला शेकड्यांनी खेळाडू येतात. त्या शेकड्यांत दोन-तीन महान निघाले नाहीत तरच नवल. अमुक नंबर लकी आहे असं सांगणारे हे सोयीस्कर विसरतात की तोच नंबर घालून दोन हंगाम खेळून घरी गेलेल्यांची यादी कुणी करत नाही.

अर्धं कोडं या हिशेबाने सुटतं. उरलेलं अर्धं जास्त रंजक आहे.

नंबर आले कुठून

बेसबॉल व्यावसायिक झाल्यानंतर कितीतरी वर्षं खेळाडूंच्या पाठी कोऱ्याच होत्या. कोण खेळतोय ते चेहऱ्यावरून ओळखायचं, नाहीतर मैदानावर विकत मिळणाऱ्या स्कोअरकार्डात पाहायचं. क्लीव्हलँडने १९१६ मध्ये बाहीवर आकडे लावून पाहिले, सेंट लुईस कार्डिनल्सने १९२३ मध्ये. कार्डिनल्सच्या खेळाडूंना तर त्याची लाजच वाटायची. प्रेक्षक टर उडवायचे, विरोधी संघ टोमणे मारायचा. प्रयोग गुंडाळला गेला.

१९२९ मध्ये न्यूयॉर्क यँकीजनी पाठीवर मोठे, कायमचे नंबर लावायचं ठरवलं. श्रेय बहुतेक वेळा त्यांनाच दिलं जातं. प्रत्यक्षात हंगामाच्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये पावसाने सामना धुऊन काढला, आणि तोच बेत आखलेला क्लीव्हलँडचा संघ पाठीवर आकडे घेऊन आधी मैदानात उतरला. १९३०च्या दशकात बाकीचे संघही त्याच वाटेने गेले.

यँकीजनी नंबर वाटले कसे, ते नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी दंतकथा इथून सुरू होते. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा फलंदाजीचा क्रम सामन्याआधी ठरतो आणि सामनाभर तोच आलटून फिरत राहतो. पहिला यायचा अर्ल कोम्ब्स, त्याला १. दुसरा मार्क केनिग, त्याला २. तिसरा बेब रूथ, त्याला ३. चौथा लू गेरिग, त्याला ४. रूथने ३ निवडला नव्हता, गेरिगने ४ मागितला नव्हता. ती रांगेतली जागा होती, एवढंच. आठव्या जागी बहुधा कॅचर यायचा, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. म्हणून यँकीजच्या तीन कॅचरना मिळाले ८, ९ आणि १०.

(इथे एक घोटाळा टाळा. स्कोअर लिहिताना मैदानावरच्या जागांनाही १ ते ९ आकडे असतात: चेंडू टाकणारा पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धाव घेताना गाठायचा थांबा) ३ वगैरे. समालोचक ‘सहा-चार-तीन’ म्हणतो तेव्हा तो जागा सांगत असतो. पाठीवरच्या नंबरशी त्याचा काही संबंध नाही.)

नंबर म्हणजे माणूस, ही कल्पना तोवर कुणाच्या डोक्यात नव्हती. रूथ १९३५ मध्ये यँकीज सोडून गेला तेव्हा त्याची मैदानावरची जागा जॉर्ज सेल्कर्कला मिळाली, आणि सोबत ३ नंबरही. क्लबला त्यात काही गैर वाटलं नाही. प्रेक्षकांना वाटलं, त्यांनी सुरुवातीला बिचाऱ्या सेल्कर्कची हुर्यो उडवली. पुढे १९३९ मध्ये गेरिगला स्नायू निकामी करणारा असाध्य आजार जडला आणि सलग २,१३० सामने खेळलेला हा माणूस खेळातून बाहेर पडला. यँकीजनी ठरवलं की ४ नंबर यापुढे कुणालाच द्यायचा नाही. मेजर लीगमध्ये एखादा नंबर असा निवृत्त होण्याची ही पहिलीच वेळ. रूथच्या ३ नंबरला तो मान मिळायला १९४८ उजाडलं, आणि तेव्हा तो नंबर क्लिफ मेप्स नावाच्या एका साध्या आउटफिल्डरच्या (मैदानाच्या टोकाकडे क्षेत्ररक्षण करणाऱ्याच्या) अंगावर होता. मेप्सला तो उतरवून द्यावा लागला. पुढे त्याच्याकडे ७ आला. १९५१ मध्ये मेप्स दुसऱ्या संघात गेला, आणि ७ नंबर ज्या पोराला मिळाला त्याचं नाव मिकी मँटल. म्हणजे दोन महापुरुषांच्या नंबरांचा राखणदार हा एकटा मेप्स! त्याच्या स्वतःच्या खेळापेक्षा या एका गोष्टीसाठीच तो आज आठवला जातो.

मँटलचा किस्सा इथे संपत नाही. १९५१च्या वसंतात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला ६ दिला होता. रूथ ३, गेरिग ४, जो डिमॅजिओ ५, मग पुढचा वारस ६, असा तो सरळसोट हिशेब. एकोणीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर केवढं ओझं! तो अडखळला, खालच्या लीगमध्ये पाठवला गेला, आणि परत आला तो ७ घेऊन. आकडे आता नुसते रांगेतले राहिले नव्हते. त्यांना वंशावळ फुटली होती.

४४: एका गावातली दोन मुलं

वंशावळ खरी कशी चालते ते पाहायचं तर ४४ घ्यावा.

हँक ॲरनचा जन्म १९३४ मध्ये अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात झाला. १९५४ मध्ये तो मिलवॉकी ब्रेव्ह्जकडून (हाच संघ पुढे अटलांटाला गेला) खेळायला लागला तेव्हा त्याचा नंबर ५ होता. दुसऱ्या वर्षी त्याने ४४ घेतला. त्यानंतर चार वेगवेगळ्या हंगामांत, १९५७, १९६३, १९६६ आणि १९६९ मध्ये, त्याने बरोबर ४४ होम रन मारले. ही मात्र आकड्याने केलेली शुद्ध मस्करी. यामागे कारण शोधू नका.

ॲरनपेक्षा चार वर्षांनी लहान विली मकोवी. तोही मोबीलचाच. दक्षिणेत तेव्हा काळ्या माणसाला बसमध्ये, शाळेत, हॉटेलात वेगळं काढलं जात होतं. अशा काळात आपल्याच गावचा एक काळा मुलगा मेजर लीग गाजवतो आहे, हे मकोवीने डोळ्यांनी पाहिलं होतं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये आल्यावर त्याने ४४ घेतला तो ॲरनसाठी. इथे योगायोग संपतो. एका माणसाने दुसऱ्याकडे बघून नंबर उचलला आहे.

आणि १९६३ मध्ये नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वाधिक होम रन कुणाचे? ॲरन आणि मकोवी यांचे बरोबरीने. किती? प्रत्येकी ४४. एखाद्या लेखकाने गोष्टीत असं लिहिलं असतं तर संपादकाने ‘फार होतंय’ म्हणून कापलं असतं.

तिसरा रेजी जॅक्सन. ओकलंडमध्ये तो ९ नंबर घालून तीन वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकला. १९७७ मध्ये यँकीजकडे आला तर तिथे ९ नंबर ग्रेग नेटल्सचा. ॲरन आदल्याच वर्षी निवृत्त झाला होता. जॅक्सनने त्याच्या मानार्थ ४४ घेतला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात त्याने तीन वेगवेगळ्या पिचरांच्या तीन चेंडूंवर, बॅट तीनदाच फिरवून, तीन होम रन मारले. ओकलंडने पुढे त्याचा ९ निवृत्त केला आणि यँकीजनी ४४. एकच माणूस, दोन संघांत दोन वेगळे नंबर निवृत्त.

आता मागे वळून पाहा. ॲरनला ४४ मिळाला तेव्हा त्या आकड्याला काही वजन नव्हतं. तो बेसबॉलमध्ये ‘बोजड’ समजला जाणाराच नंबर होता. वजन त्याने दिलं. मकोवीने ते उचललं, जॅक्सनने दुणावलं. पुढची पोरं, जोरात बॅट फिरवणारी, मोठ्या अंगाची, ४४ मागायला लागली. दिग्गज नंबर निवडतात आणि त्यामुळे नंबर दिग्गजांचा दिसतो, असं हे चक्र आहे. म्हणूनच होम रन मारणाऱ्यांच्या यादीत ४४ वारंवार दिसतो, आणि त्यात गूढ काही नाही.

२४ कुणाचा?

बेसबॉलच्या सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एकात खेळाडूचा चेहरा दिसतच नाही. २९ सप्टेंबर १९५४, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. क्लीव्हलँडच्या विक वर्ट्झने मारलेला चेंडू मैदानाच्या मध्यभागाच्या पार टोकाला निघाला होता, चारशे फुटांहून लांब. विली मेज कॅमेऱ्याकडे पाठ करून कुंपणाच्या दिशेने धावला आणि खांद्यावरून येणारा चेंडू पाठमोरा असतानाच झेलला. छायाचित्रात दिसते ती पाठ आणि तिच्यावरचे दोन आकडे: २ आणि ४. चेहऱ्याशिवाय नंबर ओळख बनतो म्हणजे काय, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मेजनंतर २४ भलत्याच वाटांनी फिरला. बॅरी बाँड्स हा मेजचा मानसपुत्र, गॉडसन. पिट्सबर्गमध्ये तो २४ घालायचा. १९९३ मध्ये तो जायंट्सकडे आला, म्हणजे मेजच्याच संघात, आणि तिथे २४ कधीच निवृत्त झालेला. मेजची त्याला द्यायची तयारी होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांची नव्हती. बाँड्सने शेवटी वडिलांचा, बॉबी बाँड्सचा, २५ घेतला. नंबर नेमका कुणाच्या मालकीचा, या प्रश्नाचं उत्तर त्या प्रकरणात मिळालं: ज्याने घातला त्याच्याइतकाच तो प्रेक्षकांचाही.

रिकी हेंडरसनने कारकिर्दीत इतके बेस चोरले (पिचर चेंडू टाकण्याच्या नादात असताना पुढचा बेस धावून गाठणं) की त्याचा १,४०६चा आकडा अजून कुणाच्या जवळपासही नाही. त्याला २४ नंबर एवढा प्रिय की १९९३ मध्ये टोरांटोला गेल्यावर तिथल्या टर्नर वॉर्डकडून तो मिळवण्यासाठी त्याने २५ हजार डॉलर मोजले. केन ग्रिफी ज्युनियर सिॲटलमध्ये २४ घालून मोठा झाला, पण सिनसिनाटीला आला तेव्हा तिथे तो टोनी पेरेझच्या नावे राखलेला. ग्रिफीने मग ३० घेतला, वडिलांचा.

पण प्रत्येक २४ मागे मेजच आहे असं धरून चाललात तर फसाल. रॉबिन्सन कनो या डॉमिनिकन खेळाडूचं नावच वडिलांनी जॅकी रॉबिन्सनवरून ठेवलेलं. रॉबिन्सनचा ४२ घेता येत नव्हता (का, ते पुढे येईल), म्हणून त्याने तो उलटा करून २४ घातला. बाहेरून आकडा तोच, आतली गोष्ट पूर्ण वेगळी. एकच नंबर असलेल्या खेळाडूंच्या याद्या नेटवर ढिगाने सापडतात; त्यांची मोठी उणीव हीच की त्या सगळ्यांना एका माळेत ओवून मोकळ्या होतात.

न्यूयॉर्क मेट्सची तऱ्हा आणखी निराळी. कारकिर्दीच्या उतारावर, १९७२ मध्ये, मेज मेट्सकडे आला. संघाच्या मालकीण जोन पेसन यांनी त्याला शब्द दिला होता की तुझ्यानंतर इथे २४ कुणी घालणार नाही. १९७५ मध्ये त्या वारल्या आणि शब्द अधांतरी राहिला. अधिकृतपणे निवृत्त नाही, पण द्यायचाही नाही. १९९० मध्ये केल्विन टोर्व्ह नावाच्या खेळाडूला चुकून २४ची जर्सी दिली गेली. ओरडा झाल्यावर काही दिवसांत ती बदलली. पुढे हेंडरसन आणि कनो यांनी मेट्समध्ये तो घातलाही. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये मेट्सनी २४ रीतसर निवृत्त केला. शब्द पाळायला पन्नास वर्षं लागली.

एकाच संघात, एकच नंबर, दोघांसाठी

आठ नंबर कॅचरचा कसा झाला ते वर आलंच. यँकीजमध्ये बिल डिकीने तो वर्षानुवर्षं घातला. डिकी गेला आणि १९४८ मध्ये तो योगी बेराकडे आला. बेरा तेव्हा कॅचर म्हणून कच्चाच होता. दुसऱ्या वर्षी क्लबने त्याला शिकवायला कुणाला आणावं? डिकीलाच. डिकीने स्वतः ३३ घातला आणि जुना नंबर पोराच्या पाठीवर राहू दिला. बेरा पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दहा वर्ल्ड सिरीज जिंकला. १९७२ मध्ये यँकीजनी ८ नंबर दोघांच्या नावे एकदमच निवृत्त केला. गुरू-शिष्य इतक्या शब्दशः फार कमी ठिकाणी सापडतील.

शिकागो कब्जच्या ३१ची गोष्ट मात्र मला त्याहून आवडते, कारण तिथे शिकवणी नव्हती, तरी साम्य थक्क करणारं आहे. कॅनडाचा फर्ग्युसन जेंकिन्स १९६७ पासून सलग सहा हंगाम वीस किंवा जास्त सामने जिंकणारा पिचर. तो गेल्यावर काही वर्षांतच ग्रेग मॅडक्स त्याच संघात ३१ घालून उतरला. दोघेही वेगाने चेंडू फेकून कुणाला घाबरवणारे नव्हते. दोघांची ताकद अचूकपणात होती. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, आणि पिचरचे चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट, त्याला म्हणतात वॉक. जास्त बाद करायला जावं तर वॉकही वाढतात, हा नियमच. जेंकिन्सने कारकिर्दीत ३,१९२ बॅटर असे बाद केले आणि वॉक दिले ९९७. मॅडक्सने ३,३७१ बाद केले आणि वॉक दिले ९९९. दोघेही हजाराच्या आत, एक तीनने आणि दुसरा अवघ्या एकाने! ३ मे २००९ रोजी रिग्ली फील्डवर दोघांसाठी एकाच दिवशी ३१ निवृत्त झाला, आणि मैदानाच्या दोन बाजूंच्या खांबांवर ३१चे दोन झेंडे चढले.

४२, आणि नंबरांची टंचाई

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळायला उतरला आणि मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची आधुनिक काळातली अघोषित बंदी मोडली. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ एप्रिल १९९७ रोजी, लीगने त्याचा ४२ सगळ्याच संघांसाठी निवृत्त केला. जे त्या वेळी ४२ घालत होते त्यांना तो कारकीर्द संपेपर्यंत ठेवायची सवलत मिळाली. एकेक जण खेळ सोडत गेला, आणि शेवटचा उरला यँकीजचा मारियानो रिवेरा. पनामाच्या या पिचरने तो नंबर मागितलेला नव्हता. आला तेव्हा ५८ होता, मग क्लबने ४२ दिला. नकळत मिळालेला तो वारसा त्याने असा सांभाळला की ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटच्या टप्प्यात येऊन राखलेले विजय, हा विक्रम झाला आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीच्या) मतदानात एकही मत विरोधात न पडलेला तो पहिला खेळाडू ठरला. आता दरवर्षी १५ एप्रिलला सगळ्या संघांचे सगळे खेळाडू ४२ घालतात. त्या दिवशी स्कोअरकार्ड बघून कोण कोण ते ओळखायची जुनी कसरत पुन्हा करावी लागते.

नंबर असे बंद होत गेले की उरलेल्यांची टंचाई होते. यँकीजकडे आता १ ते ९ पैकी एकही नंबर शिल्लक नाही. एकूण वीसहून जास्त नंबर बंद आहेत. ॲरन जज संघात आला तेव्हा त्याच्या आवडीचे नंबर होते ४४ आणि ३५. ४४ जॅक्सनच्या नावे बंद, ३५ दुसऱ्याच्या अंगावर. जज शिबिरात मिळालेल्या ९९वरच राहिला, आणि २०२२ मध्ये त्याने ६२ होम रन मारल्यापासून ९९ मागणारी पोरं दिसायला लागली. म्हणजे टंचाईतून नवी वंशावळ.

आणि सौदेही होतात. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी डॉजर्सकडे आला तेव्हा त्याचा १७ जो केलीकडे होता. केलीने तो सोडला. ओहतानीने केलीच्या पत्नीच्या दारात पोर्शे गाडी पाठवली.

आपल्याकडे हे किती मनावर घेतलं जातं ते पालघरच्या शार्दूल ठाकूरला विचारा. २०१७ मध्ये कोलंबोत तो पहिल्या एकदिवसीय सामन्यात १० नंबर घालून उतरला आणि तेंडुलकरच्या चाहत्यांनी समाजमाध्यमांवर त्याची सालटी काढली. पुढे तो ५४ घालू लागला. क्रिकेटमध्ये पाठीवरचे नंबर बरेच उशिरा आले, पण त्यांच्यावरून भांडायला आपण लगेच शिकलो.

जपानमध्ये एखादा नंबर व्यक्तीऐवजी पदाला चिकटतो. तिथे १८ म्हणजे संघाचा मुख्य पिचर. मात्सुझाका, कुरोदा, माएदा, यामामोतो हे सगळे अमेरिकेत आले ते पाठीवर १८ घेऊनच. मासाहिरो तानाका यँकीजकडे आला तर तिथे १८ कुरोदाकडे होता, म्हणून त्याने १९ घेतला. ही पद्धत मला जास्त समजूतदार वाटते. तिथे मोठा पिचर गेला तरी १८ सहसा कपाटात बंद होत नाही, पुढच्याच्या पाठीवर जातो.

अमेरिकेत सध्या वाद आहे तो २१चा. पोर्तो रिकोचा रोबेर्तो क्लेमेंते पिट्सबर्ग पायरेट्सकडून बरोबर ३,००० हिट (बॅटरला बेस मिळवून देणारे फटके) मारून थांबला, कारण ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. लॅटिन अमेरिकेच्या खेळाडूंसाठी त्याचं स्थान रॉबिन्सनच्या तोडीचं आहे, तेव्हा २१ही सगळ्या लीगमधून निवृत्त करा, अशी मागणी बरीच वर्षं होते आहे. पायरेट्सनी तो १९७३ मध्येच बंद केला. पण २१ एकट्या क्लेमेंतेचा नाही. डावखुऱ्या पिचरांत सर्वाधिक, ३६३ सामने जिंकलेल्या वॉरन स्पानसाठी ब्रेव्ह्जनी, बॉब लेमनसाठी क्लीव्हलँडने आणि पॉल ओनीलसाठी यँकीजनीही तो बंद केला आहे. दुसरीकडे पोर्तो रिकोचाच कार्लोस डेलगॅडो मेट्सकडे आल्यावर मुद्दाम २१ घालून खेळला, क्लेमेंतेसाठी. लीगने सरसकट बंदी घातली तर असा पुढचा डेलगॅडो होणार नाही. त्याला २१ मिळेल तो वर्षातून एकदा, सप्टेंबरातल्या क्लेमेंते दिनापुरता. म्हणून माझं मत मागणीच्या विरुद्ध आहे: पिट्सबर्गमध्ये बंद राहू दे, बाकी ठिकाणी ज्याला पेलतो त्याला घालू दे.